नवी लादी, जुनीच गळती

मुलुंड पूर्वेला आमची इमारत जवळपास चाळीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला घरी बोलावून त्यांच्या बाथरूमचे छत दाखवले. प्लास्टरला पोपडे आले होते आणि एका कोपऱ्यातून पाण्याचा थेंब बादलीत पडत होता. गळती माझ्या बाथरूममधून होत असल्याने दुरुस्तीचा खर्च माझा होता आणि तो मला मान्यही होता. ओळखीतून मिळालेल्या कंत्राटदाराने एकूण 1,65,000 रुपये सांगितले. त्यात जुनी लादी आणि तिच्याखालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, काढणे, डेब्रिज खाली नेणे, वॉटरप्रूफिंग करणे, नवा नहाणी ट्रॅप (जमिनीतले पाणी वाहून जाण्याचे जाळीखालचे भांडे) बसवणे आणि नवी लादी लावणे, अशी सर्व कामे धरली होती. हा हिशेब त्याने साध्या कागदावर लिहून दिला. त्यावर ना सही होती, ना जीएसटी क्रमांक.

मी दिवसभर ऑफिसात असे. संध्याकाळी जिन्यात डेब्रिजच्या गोण्या रचलेल्या दिसत, त्यामुळे काम मनापासून चालले आहे असेच मला वाटले. त्या गोण्यांत फक्त भिंतीच्या लाद्या होत्या, हे मला फार उशिरा कळले. आठव्या दिवशी बाथरूमचे दार खालून घासू लागले, तेव्हा त्याने ते लगेच कापून दिले आणि मी त्याचे आभार मानले. खरे तर जमीन इंचभर का उंचावली, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. गळती थांबली का हे तपासायला नहाणीचे तोंड बंद करून पाणी भरून ठेवण्याविषयी मी विचारले, तर तो म्हणाला, ‘मॅडम, केमिकल एक नंबर आहे, दहा वर्षांची गॅरंटी माझी.’ तोवर मी 1,40,000 रुपये देऊन बसले होते आणि त्यांतले 75,000 रोख होते.

बाथरूम वापरायला लागून तीन आठवडे झाले नाहीत, तोच काकूंच्या छतातून पुन्हा थेंब पडू लागला. कंत्राटदाराने आधी बाहेरच्या भिंतीला दोष दिला, मग गावी गेल्याचे सांगितले आणि शेवटी फोन उचलणेच बंद केले. दुसऱ्या एका अनुभवी प्लंबरने नहाणीजवळची एक नवी लादी फोडली, तेव्हा खाली आमची जुनी गुलाबी लादी जशीच्या तशी होती. धोपटण्याचा फटका बसून आईच्या हातून जिचा कोपरा उडाला होता, तीच ती लादी. म्हणजे जमिनीचा कोबा निघालाच नव्हता, स्लॅबपर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते आणि पाणी जिथून झिरपत होते तो जुना ट्रॅपही जागेवरच होता. लादीखाली काय केले आहे, हे लादी बसल्यावर कोणालाच दिसत नाही आणि नेमका याचाच फायदा माझ्या बाबतीत घेतला गेला.

फोडलेल्या जागेचे फोटो काढून मी कंत्राटदाराला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. तिला उत्तर न आल्याने ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ती करावी लागते, मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही आणि आपली बाजू स्वतः मांडता येते. प्रकरण अजून चालू आहे. ऑनलाइन दिलेल्या 65,000 रुपयांची नोंद बँकेत आहे आणि गॅरंटीचा उल्लेख व्हॉट्सअॅपवर सापडला. रोख दिलेल्या 75,000 रुपयांची मात्र एकही पावती माझ्याजवळ नाही, याचे मला अतिशय वाईट वाटते.

दुसऱ्यांदा काम करून घेताना मी रजा काढून घरी थांबले. स्लॅब उघडा पडलेला स्वतः पाहिला आणि वॉटरप्रूफिंगनंतर, लादी लावण्यापूर्वी, तीन दिवस पाणी भरून ठेवले. काकूंनी त्यांच्या बाथरूममध्ये त्या कोपऱ्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळीही कोरडे होते, हे त्यांनी वर येऊन सांगितल्यावरच मी पुढचा हप्ता दिला.