व्हीएस कोडचं पायथन एक्स्टेन्शन: लॅबमधला अनुभव

गेली तीन वर्षं तंत्रनिकेतनात पायथनची प्रॅक्टिकल्स मी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरवर, त्याचं पायथन एक्स्टेन्शन (जोडून घ्यायची पुरवणी) टाकून घेते. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हात वर करतं, "मॅडम, पांडाज टाकलंय, तरी मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय." (पांडाज म्हणजे आकडेवारी हाताळायचं, पायथनमध्ये वेगळं टाकावं लागणारं पॅकेज.) टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' आलेलं असतं आणि इम्पोर्टच्या ओळीखालची नागमोडी रेघ जागची हलत नाही. पोरं रडकुंडीला येतात.

मी म्हणते, आधी खाली उजव्या कोपऱ्यात बघ. पायथनची फाइल उघडी असली की कुठला पायथन वापरात आहे ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा पिपने (पॅकेजेस टाकणाऱ्या कमांडने) पॅकेज एका पायथनमध्ये टाकलेलं असतं आणि व्हीएस कोड दुसराच पायथन चालवत असतो. तिथल्या आवृत्तीच्या आकड्यावर क्लिक करायचं, यादीतून आपल्या प्रोजेक्टचं वेन्व, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन आणि त्याची पॅकेजेस, निवडायचं. एवढ्या एका सोयीसाठी मी हे एक्स्टेन्शन सोडणार नाही. मात्र आधीच उघडलेलं टर्मिनल जुन्याच पायथनवर राहतं. ते कचराडब्याच्या चिन्हाने बंद करून नवं उघडायचं. आणि सुटी फाइल नको, 'ओपन फोल्डर'नेच उघडा. विंडोजवर पॉवरशेलने वेन्व चालू करणारी स्क्रिप्ट अडवली, तर टर्मिनल म्हणून कमांड प्रॉम्प्ट घ्या.

यंदा तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी एका मुलीने घरून अख्खं प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर आणलं, वेन्वसकट. काही केल्या चालेना. वेन्वच्या फोल्डरमधली 'पायवेन्व डॉट सीएफजी' ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर 'होम'पुढे तिच्या घरच्या लॅपटॉपचा पाथ, त्यात युजर म्हणून तिच्या वडिलांचं नाव! वेन्वमध्ये मूळ पायथनचा पत्ता असा पक्का लिहिलेला असतो, म्हणून ते उचलून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. "हे फोल्डर डिलीट कर," म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. पण तिने लिहिलेला कोड त्यात नव्हताच, होती ती फक्त पॅकेजेस.

कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'क्रिएट एन्व्हायर्न्मेंट' घेतलं, वेन्व निवडलं. रिक्वायरमेंट्सची फाइल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची यादी, तिने ठेवली होती, शाब्बास तिची! एक्स्टेन्शनने ती हवी का विचारलं, आम्ही टिक केलं आणि पॅकेजेस आपोआप उतरायला लागली. चहा घेऊन येईपर्यंत तिचा पावसाच्या आकड्यांचा ग्राफ पडद्यावर आला होता.