पॉट की एन्कोडर? मिडी नॉबची पेटी घरी जोडण्याआधी

आठ नॉब, एक छोटा पडदा आणि लॅपटॉपला जाणारी एक यूएसबी वायर, एवढीच ही पेटी. नॉब फिरवला की ती मिडीने, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना संदेश पाठवतात त्या भाषेत, संगीताच्या सॉफ्टवेअरला आकडा कळवते. बहुतेक जण आधी बोर्ड (पेटीचा मेंदू असलेली मायक्रोकंट्रोलरची पाटी) मागवतात आणि मग त्यावर जमतील तसे नॉब बसवतात. उलटं करा. व्हॉल्यूम ९० आहे की ४०, हा आकडा कोणाकडे राहणार ते आधी ठरवा: नॉबच्या दांड्यात, पेटीच्या मेमरीत की सॉफ्टवेअरमध्ये? त्यावरून नॉबचा प्रकार ठरतो, नॉबवरून पडद्याची गरज कळते आणि बोर्ड सगळ्यात शेवटी येतो.

पॉट: आकडा दांड्यात

पॉट, म्हणजे दोन टोकांमध्येच फिरणारा पोटेन्शिओमीटर, जिथे ठेवला तिथेच राहतो. वीज गेली आणि परत आली तरी टोपीवरची रेघ खरं तेच सांगते. चवथीची भजनं किंवा जत्रेतलं नाटक अशा ठरलेल्या कामाला, म्हणजे व्हॉल्यूम (सीसी ७; सीसी म्हणजे मिडीतला कंट्रोल क्रमांक), पॅन (सीसी १०), रिव्हर्ब (सीसी ९१) आणि फिल्टर (सीसी ७४) कायम त्याच नॉबवर हवे असतील, तर पॉटसारखं दुसरं काही नाही. खरं सांगायचं तर इथे पडदा हौसेचाच.

बी१०के मागवा, म्हणजे नॉबच्या सरळ प्रमाणात बदलणारा १० किलोओमचा पॉट. ए१०के हा लॉग वळणाचा. तो लावला की अर्ध्या फेरीपर्यंत आकडा फारसा हलत नाही आणि पुढे एकदम धावतो.

पॉटची खोड म्हणजे थरथर. बोर्ड ० ते १०२३ मोजतो, आपण ८ ने भागून ० ते १२७ करतो. नॉब नेमका दोन आकड्यांच्या सीमेवर थांबला की हात न लावताही ६३, ६४, ६३ असे संदेश सुटत राहतात. त्रास जाणवतो तो सॉफ्टवेअरमध्ये मिडी लर्न (हलवलेला नॉब ओळखून जोडून घेण्याची सोय) लावताना: तुम्ही फिरवता फिल्टर, आणि सॉफ्टवेअर पकडतं थरथरणारा रिव्हर्ब. उपाय दोन, आणि दोन्ही करा. मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. प्रोग्राममध्ये मूळ वाचन शेवटच्या पाठवलेल्या वाचनापासून ८ ने हललं तरच नवा संदेश पाठवा. टोकाला नॉब १२६ वरच अडत असेल तर १० च्या खालचं सगळं ० आणि १०१३ च्या वरचं सगळं १२७ धरा. नॉब उलटा चालला तर बाहेरचे दोन पाय अदलाबदल करा, प्रोग्रामला हात नको.

एन्कोडर: आकडा दुसरीकडे

ईसी११ एन्कोडर, म्हणजे कोणत्या दिशेने किती खटके फिरला एवढंच सांगणारा नॉब, गोलगोल फिरतच राहतो, त्याला स्वतःची जागा नाही. लॅपटॉपवर दर गाण्याला वेगळा प्रीसेट (साठवलेली मांडणी) असेल, गोव्यात हणजूण-वागातोरच्या बाजूला वाजवणाऱ्यांचा असतो तसा, तर पॉट तिथे फसतो: प्रीसेट बदलला, फिल्टर ३० वर आला, पॉट मात्र ११० वर, हात लावताच आवाज उसळतो. सॉफ्टवेअरमध्ये पिकअपची (नॉब सॉफ्टवेअरमधल्या आकड्याला पोहोचेपर्यंत त्याचं न ऐकण्याची) सोय असेल तर पॉटनेही निभावतं, पण आधी तो आकडा शोधत नॉब फिरवावा लागतो.

एन्कोडर लावला की उसळी आपोआप जाते, असा समज आहे. जात नाही. पेटी स्वतःच्या मेमरीतला आकडा पाठवत असेल तर प्रीसेट बदलल्यावर तोही शिळा होतो. दोनच मार्ग आहेत. एक, सॉफ्टवेअरने नवा आकडा त्याच सीसीवर पेटीकडे परत पाठवायचा. दोन, पेटीने फक्त ‘एक वर’, ‘एक खाली’ असं सांगायचं. सॉफ्टवेअरच्या पद्धतीनुसार हे ६५ आणि ६३, किंवा १ आणि १२७ असं जातं. दुसऱ्या मार्गात पेटीला खरा आकडा माहीतच नसतो, म्हणून पडद्यावर आकडा दाखवला तर तो खोटा. तिथे फक्त नॉबचं नाव दाखवा. तुमचं सॉफ्टवेअर आकडा परत पाठवतं का, हे पैसे घालण्याआधी तपासा.

ईसी११ घेताना एका फेरीत किती खटके आणि किती पल्स (विजेचे ठोके) ते विचारा. २० खटके, २० पल्स असलेल्यात एका खटक्याला पिनांवर चार बदल होतात. ३० खटके, १५ पल्स असलेल्यात दोन. प्रोग्राममधला भागाकार चुकला की एका खटक्याला आकडा दुपटीने हलतो किंवा अर्धाच. २० खटक्यांच्या नॉबला ० ते १२७ जायला सहाहून जास्त फेरे लागतात, म्हणून भरभर फिरवल्यास पाऊल ४ चं करा.

पडदा

०.९६ इंचाचा एसएसडी१३०६ की १.३ इंचाचा एसएच११०६ (नावं पडदा चालवणाऱ्या चिपांची)? उभ्याने वाजवायचं असेल तर १.३. काळोख्या रंगमंचावर दोन्ही छान दिसतात, भर उन्हात दोन्ही निरुपयोगी. एसएच११०६ ची मेमरी १३२ रकान्यांची असते. त्याला एसएसडी१३०६ चा ड्रायव्हर लावला तर चित्र दोन पिक्सेल सरकतं आणि कडेला कचरा दिसतो. सोल्डर करण्याआधी पडद्याच्या पाटीवरची अक्षरं वाचा: काही मॉड्यूलांवर पहिली पिन ग्राउंड, काहींवर व्हीसीसी (वीज). उलटं जोडलं की पडदा गेलाच.

मोठी अडचण वेळेची आहे. १२८ x ६४ चा पूर्ण पडदा म्हणजे १०२४ बाइट. आय२सी, म्हणजे पडदा बोर्डाला जोडणारी दोन तारांची लाइन, १०० किलोहर्ट्झवर असेल तर तो रंगवायला जवळजवळ ०.१ सेकंद, ४०० वर सुमारे २५ मिलिसेकंद. सेकंदाला दोन फेरे या वेगाने एन्कोडर दर ६ मिलिसेकंदांना बदलतो. म्हणजे पडदा एकदा रंगवेपर्यंत चार बदल, एक पूर्ण खटका, हरवतो. एन्कोडरच्या पिना टायमर इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून ठरावीक वेळाने चालणाऱ्या कोडमध्ये) दर १ मिलिसेकंदाला वाचा, आणि पडद्यावर हललेल्या नॉबचीच ओळ बदला. पॉटला याची झळ नाही, पुढच्या वाचनात खरा आकडा येतोच.

आणि आता बोर्ड

आर्डुइनो नॅनो घरात पडलेला असेल तर तो बाजूलाच राहू दे. त्याची यूएसबी चिप मुख्य चिपपासून वेगळी असल्याने लॅपटॉपला तो मिडी उपकरण म्हणून दिसत नाही.

प्रो मायक्रो या बोर्डात एटीमेगा३२यू४ ही चिप आहे, ५ व्होल्टवर चालतो आणि ९ अ‍ॅनालॉग पिना (पॉटचं व्होल्टेज मोजणाऱ्या) देतो. आठ पॉट आणि पडदा थेट बसतात. आठ एन्कोडर आणि पडदा घेतले तर त्याच्या १८ पिना नेमक्या संपतात, दाबबटणांना जागा नाही. रॅम अडीच किलोबाइट, त्यातला एक पडद्याच्या चित्रात जातो. म्हणून फक्त अक्षरं दाखवणारी यू८एक्स८ ही लायब्ररी वापरा. मायक्रो यूएसबीचं सॉकेट ओढाताणीत पाटीसकट उखडतं. त्याला आधीच इपॉक्सीने धरा.

२०२१ साली ४ डॉलरला बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय पिकोकडे २६४ किलोबाइट रॅम, दोन कोर आणि २६ पिना आहेत. आठ एन्कोडर, त्यांची आठ बटणं आणि पडदा मिळून २६ च होतात. एका कोरवर पडदा ठेवला की खटके हरवण्याचा प्रश्नच मिटतो. पण बाहेरच्या अ‍ॅनालॉग पिना तीनच. आठ पॉटसाठी सीडी७४एचसी४०६७ मल्टिप्लेक्सर (एकाच पिनेवर अनेक पॉट आळीपाळीने वाचू देणारी चिप) लागतो. त्याचे रिकामे मार्ग ग्राउंडला जोडा आणि मार्ग बदलल्यावरचं पहिलं वाचन टाकून द्या. पॉटला ३.३ व्होल्टच द्या, यूएसबीचे ५ व्होल्ट नकोत.

तेव्हा पॉट असतील तर प्रो मायक्रो, एन्कोडर असतील तर पिको. टीन्सी हा बोर्डही उत्तम, पण आठ नॉबांसाठी तो महाग पडतो.

जुन्या कीबोर्डला पाच पिनांचं मिडी हवं असेल तर प्रो मायक्रोवर सॉकेटच्या ४ आणि ५ क्रमांकाच्या दोन्ही पिनांना २२० ओम लागतात. पिकोवर ४ ला ३३ ओम आणि ५ ला १० ओम. २२० चीच जोडी पिकोला लावली की करंट कमी पडतो आणि कधी चालतं, कधी नाही.

पेटीला ३ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमची पाटी घ्या, नॉबला ७ मि.मी. भोक, दोन नॉबांत ३० मि.मी. अंतर. प्लायवूड पावसाळ्यात फुगतं, लोखंड खाऱ्या हवेत दोन महिन्यांत रंग दाखवतं. पॉटची खरखर आणि एन्कोडरचे उलटे खटके बहुधा संपर्कावरच्या मळीमुळे येतात. त्यावर कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो, गंज काढायचं तेल नको. सुटे भाग आपल्याकडे बहुतेक कुरियरनेच येतात, तेव्हा आठ लागत असतील तर दहा मागवा.