पालिकेची, अनुदानित की खासगी: मुलांच्या तब्येतीची काळजी कुठे जास्त?

अ‍ॅडमिशनच्या वेळी फी, बोर्ड, बसचं भाडं सगळं विचारतो आपण, पण मुलाच्या तब्येतीसाठी शाळा काय करते हे विचारायचंच राहतं. मुंबईत पालिकेची किंवा अनुदानित एकीकडे आणि खासगी विनाअनुदानित दुसरीकडे अशी निवड असेल तर हे वाचा.

खाण्याचं आधी. पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, पाचवीपर्यंत 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवी 700 आणि 20, असं ठरलेलंय. चव कशी असते ते तिथल्या मुलांनाच विचारा. खासगीत डबा नाहीतर कॅन्टीन. एफएसएसएआय म्हणजे खाण्याच्या सुरक्षेवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या 2020 च्या नियमाप्रमाणे जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरपर्यंत विकायचे नाहीत, हे दोन्हीकडे लागू, तर शाळा सुटायच्या वेळेला गेटवर जाऊन उभे राहा, काय ते दिसेल.

तपासणीत मात्र मोठा फरक आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. सरकारी-अनुदानित शाळांतली मुलं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतात, 2013 पासून आहे तो, डोळे, कान, दात, हृदय काहीही सापडलं तर पुढचे उपचार, अगदी ऑपरेशन लागलं तरी मोफत. शिवाय जंताची गोळी, लोहाची गोळी. खासगीत बहुतेक वेळा वर्षातून एक कॅम्प होतो, कार्ड हातात येतं आणि पुढचं सगळं आईबाबांवर. पण रोजच्या दिवसात पडलं-झडलं, ताप आला, परीक्षेचं टेन्शन आलं तर चांगल्या खासगी शाळेत नर्स आणि काउन्सेलर तिथेच असतात, हे पालिकेच्या शाळेत सहसा मिळत नाही. म्हणून दोन्हीकडे एकच विचारा, मागच्या वर्षी किती मुलांना चष्मा सांगितला आणि त्यातल्या किती जणांनी तो खरंच लावला? उत्तर देता आलं तर त्या शाळेत पाठपुरावा होतो.

मैदान दोन्हीकडे नशिबाचा भाग, दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच हवं.

आणि टॉयलेट स्वतः बघा. घाण असेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, बाटली भरलेली तशीच घरी येते.

मुलाला दमा, फिट्स, डायबेटीस असलं काही असेल तर मी नर्स असलेली खासगी घेईन, परवडत असेल तर. नाहीतर चांगली अनुदानित शाळा बिनधास्त घ्या.