केटल ग्रिल घेताना: बोल्टचे पाय की सॉकेटचे?

कोळशाची केटल ग्रिल, म्हणजे पायांवर उभं गोल भांडं आणि वर घुमटासारखं झाकण, घ्यायची ठरली की चर्चा व्यासावरच अडकते. ४७ सेंटिमीटर की ५७, हा प्रश्न घरातली माणसं मोजली की सुटतो. फक्त एका बाजूला निखारे लावून दुसऱ्या बाजूला अख्खी कोंबडी झाकणाखाली शिजवायची असेल, तर ५७ घ्या. ४७ मध्ये कोंबडीची एक बाजू निखाऱ्यांच्या फार जवळ येते. पण दोन वर्षांनी ग्रिल वापरात राहील की भंगारात जाईल, हे बऱ्याचदा पाय भांड्याला कसे जोडलेत यावर ठरतं.

एका प्रकारात भांड्याच्या बुडाला तीन छोट्या नळ्या, म्हणजे सॉकेट, वेल्ड केलेली असतात आणि पाय त्यांत दाबून बसवायचे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली धातूच्या बोयाच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या) अर्ध्या गोळ्यांपासून पहिली केटल केली. त्या घराण्यातल्या ग्रिल या पद्धतीच्या. भांड्याला आतून-बाहेरून इनॅमल, म्हणजे काचेचा लेप, असतो. दुसऱ्या प्रकारात भांड्याला भोकं असतात, पाय बोल्टने आवळायचे आणि पत्र्यावर काळा रंग मारलेला असतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक ग्रिल या जातीच्या.

सॉकेटवाल्याची जोडणी अर्ध्या तासाची. खोक्याचा पुठ्ठा अंथरून भांडं पालथं ठेवायचं, म्हणजे काठाच्या इनॅमलचा टवका उडत नाही. चाकांचे दोन पाय आखूड असतात आणि त्यांना आसासाठी भोकं असतात, तिसरा लांब. पाय पूर्ण आत गेला की खटका बसल्याचा आवाज येतो. आवाज आला नाही, तर ग्रिल उचलताना तो पाय हातात येणार हे नक्की. मग तारेची खालची जाळी, आस आणि चाकं. आसाच्या टोकावरची टोपी हातोडीने ठोकून बसवायची असते आणि एकदा बसली की सहसा धड निघत नाही. त्यामुळे चाकाची दर्शनी बाजू बाहेर आहे ना, हे ठोकण्याआधी बघावं. दुसरं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवलं की आस सरकत नाही.

बोल्टवाल्याला तास-दीड तास धरा. वेळ लागतो म्हणून तक्रार नाही. सुट्टीच्या दिवशी पाना-पक्कड घेऊन बसायला मजाच येते. गोची वेगळी आहे. पहिला पाय पूर्ण आवळला, दुसराही आवळला, की तिसऱ्याचं भोक जुळतच नाही. मग माणूस जोर लावतो. पातळ पत्रा बोल्टभोवती आत दबतो, भांड्याचा काठ किंचित अंडाकृती होतो आणि झाकण एका बाजूला उघडं राहतं. केटलचा सगळा खेळ हवेवर आहे. खालची-वरची झडप बंद केली की निखारे विझायला हवेत. फट राहिली तर ते जळत राहतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला उरत नाही. तपासणी सोपी: अंधारात भांड्यात मोबाइलचा दिवा लावून झाकण ठेवा आणि काठाभोवती उजेड कुठे दिसतो ते पाहा. थोडा उजेड चालतो, पण बोट जाईल एवढी फट नको.

यावर उपाय आहे. सगळे नट आधी नुसते हाताने फिरवून ठेवायचे, ग्रिल सपाट फरशीवर उभी करायची, डुगडुगत नाही हे पाहायचं आणि मगच तिन्ही पायांचे नट आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे. बोल्टचं डोकं आत, नट बाहेर, आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना वायसर.

तरी एक कटकट उरतेच, आणि माझं पारडं तिनेच झुकवलं: नट ढिले होतात. निखाऱ्यांनी पत्रा तापतो, फुगतो, रात्री थंड होऊन आकसतो. बोल्टखालचा रंग जळून भुसभुशीत होतो, वायसरखाली जागा होते आणि काही वापरांनंतर पाय डगमगायला लागतो. पेटत्या निखाऱ्यांचं भांडं डगमगत्या पायांवर सरकवणं हा काही गमतीचा प्रकार नाही. लोक हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉकचे नट आणतात, पण त्यातली नायलॉनची कडी १२० अंशांच्या आसपासच पकड सोडते. भांड्याजवळ ती निकामी. स्टेनलेसचे बोल्ट, स्प्रिंग वायसर आणि एकावर एक दोन नट हा जोड त्यातल्या त्यात टिकतो. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं तर पुढे नट खोलता येतो, नाहीतर गंजून एकजीव होतो. तेही करून दर दोन-तीन वापरांनी पाना फिरवावा लागतोच.

गंजाचं गणितही याच भोकांपाशी सुरू होतं. लाकडी कोळशाची राख हवेतला ओलावा धरते आणि ओली राख अल्कधर्मी असते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात राख तशीच राहिली, तर रंगाचे पोपडे आधी बोल्टभोवती निघतात. इनॅमल म्हणजे पत्र्यावर सुमारे ८०० अंशांना वितळवून बसवलेली काच; राखेला ती सहसा दाद देत नाही. मात्र ठेच लागली तर टवका उडतो, आणि तापलेल्या भांड्यात पाणी ओतलं तर तडे जाऊ शकतात. झडपा बंद करून विझवायचं, पाण्याने नाही.

बोल्टवाल्याच्या बाजूनेही बोलायला हवं. पाय वाकला तर कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटर नवा करून देतो, आणि एम-६ चा बोल्ट कुठल्याही गावात मिळतो. सॉकेटचं वेल्ड सुटलं तर पंचाईत, कारण पुन्हा वेल्ड करताना आजूबाजूचं इनॅमल जळतं. वर्षातून तीन-चारदा, थंडीत गच्चीवर हुरड्याबरोबर पनीर-कणसं भाजण्यापुरती ग्रिल हवी असेल, तर जादा पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही. महिन्यातून दोनदा पेटणार असेल, तर मी तरी सॉकेटकडेच वळेन.

दोन्हींत पहिला जाळ रिकाम्या भांड्यात. झाकण लावून, झडपा उघड्या ठेवून पाऊण तास कोळसा जळू द्या, म्हणजे कारखान्याचं तेल आणि रंगाचा वास निघून जातो. बोल्टवाल्यात निखारे भिंतीला टेकवू नका, कोळशाच्या जाळीवर मधोमधच ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा.

दुकानात प्रत्यक्ष पाहून घेत असाल तर भांडं पालथं करायला सांगा. सॉकेटच्या बुडाशी वेल्डची रेघ सलग आहे की नुसते दोन ठिपके आहेत, ते बघा. ठिपकेच दिसले, तर त्यापेक्षा बोल्टवालीच घ्या आणि वरच्या पैशांत कोळसा.