सपाट विणीचा तुर्की टॉवेल: मुंबईच्या दमट हवेतला नऊ महिन्यांचा अनुभव

आपल्याकडे दुकानात ‘टर्किश टॉवेल’ मागितला, की काउंटरवर येतो तो जाडजूड, दोन्ही अंगांना धाग्यांचे बारीक लूप असलेला टॉवेल. दुकानदाराचे त्यात काही चुकत नाही. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरी अशा लूपच्या विणीचे टॉवेल हेन्री ख्रिस्टी या इंग्रजाने पाहिले, नमुना मायदेशी नेला, आणि यंत्रावर विणलेला तसा टॉवेल 1851 मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात मांडला गेला. ‘टर्किश’ हे नाव त्या विणीला चिकटले ते तेव्हापासून. मात्र तुर्की हमामात कमरेला गुंडाळण्याचे मूळ वस्त्र वेगळे आहे. त्याला पेश्तेमाल म्हणतात. ते सपाट विणीचे असते, त्याला लूप नसतात, दोन्ही टोकांना पीळ देऊन गाठवलेल्या दशा असतात, आणि डेनिझली प्रांतातल्या बुलदानसारख्या गावांमध्ये ते आजही विणले जाते. हे परीक्षण त्या दुसऱ्या टॉवेलाचे आहे. गेले नऊ महिने आमच्या दादरच्या घरात तोच वापरात आहे.

तो घेण्याचे कारण पावसाळा. आमची बाल्कनी काचा लावून बंद केलेली आहे, कपडे वाळतात ते छताजवळच्या दांड्यांवर, आणि जून उजाडला की जाड टॉवेल संध्याकाळपर्यंत ओलसर राहतो, तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. तो वास गरम पाण्याने आणि उन्हाने जातो, पण जुलैमध्ये ऊन आणायचे कुठून? शिवाय मी सकाळी शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर पोहायला जाते आणि तिथूनच ऑफिस गाठते. ओला जाड टॉवेल पिशवीत घालून लोकलमध्ये चढणे म्हणजे खांद्याला शिक्षाच होती.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही टॉवेल ठेवून पाहिले. आमचा जुना लूपचा टॉवेल 75 बाय 150 सेंटिमीटरचा आणि 620 ग्रॅमचा भरला. नवा सपाट टॉवेल 100 बाय 180 सेंटिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या दीडपटीहून मोठा, आणि वजन फक्त 330 ग्रॅम. घडी घातल्यावर तो साडीच्या परकराएवढी जागा घेतो. लूपच्या विणीत पायाच्या कापडाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि लूपचा ताणा वेगळा असतो, त्यामुळे पाणी त्या उभ्या लूपांच्या दाटीत साठून राहते. सपाट विणीत एकच ताणा आणि एकच बाणा, म्हणजे आडवे धागे, असल्यामुळे हवा कापडाच्या दोन्ही अंगांना लागते. जुलैतल्या एका पावसाळी दिवशी सकाळी साडेसातला दोन्ही एकाच दांडीवर, एकाच पंख्याखाली वाळत घातले. सपाट टॉवेल बाराच्या सुमारास कोरडा झाला होता. जाड टॉवेलाच्या काठाची दुमडलेली पट्टी रात्री आठला हाताला गार लागत होती.

हा टॉवेल घेणाऱ्या बहुतेकांची पहिल्या आठवड्यात निराशा होते, आणि माझीही झाली. नव्या कापडावर विणताना लावलेली खळ असते. तिच्यामुळे पाणी अंगावरून नुसते सरकते, टिपले जात नाही. मी तो रात्रभर थंड पाण्यात भिजवला, सकाळी अगदी थोड्या साबणाने धुतला आणि पूर्ण वाळवला. असे तीनदा केले. चौथ्या धुण्यानंतर कापडाचा करकरीतपणा गेला आणि विणीला किंचित लव आली. सुवासिक सॉफ्टनर यात चुकूनही घालू नये, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापूस पाणी ओढेनासा होतो. पहिल्या काही धुण्यांत कापड आटतेही: आमचे 180 सेंटिमीटर आता 172 आहेत, तेव्हा घेताना मापात थोडी जास्तीची जागा ठेवावी.

अंग पुसण्याची सवयही बदलावी लागते. जाड टॉवेलाने आपण खसाखसा घासतो; हा अंगावर दाबून धरायचा, पाणी टिपू द्यायचे आणि पुढचा कोरडा भाग हाती घ्यायचा. कापड लांबरुंद असल्यामुळे कोरडा भाग संपत नाही. लांब केसांसाठी तर तो मला फारच आवडला, कारण डोक्याला गुंडाळल्यावर मान ओढल्यासारखी होत नाही.

आमच्या घरात या टॉवेलाचे खरे रूप सगळ्यांत आधी ओळखले ते सासूबाईंनी. त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात. भिजलेला जाड टॉवेल त्यांना पिळता येत नसे, म्हणून तो तसाच बादलीत राही, आणि मी येईपर्यंत त्यांना ते डोळ्यांना खुपत राही. हा टॉवेल त्यांनी पहिल्यांदा हातात घेतला, दोन पीळ दिले, झटकला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आपला पंचाच आहे, अंमळ जाड.” मला त्यांचे म्हणणे पटले. कोकणातल्या घरांमध्ये न्हाणीच्या दाराशी वाळत असलेला पांढरा पंचा, केरळातला तोर्तु, बंगालचा गमछा ही सगळी एकाच जातीची वस्त्रे आहेत. पंचा याहून पातळ आणि स्वस्त. अंगाला गुंडाळून बाहेर यायचे असेल, तर मात्र हा टॉवेल सोयीचा.

निवड करताना मी एकदा फसले, ते सांगणे भाग आहे. पहिला टॉवेल एका दुकानातून घेतला, गडद लाल, ‘पक्का रंग’ असे दोनदा विचारून. दुसऱ्या धुण्यात त्याने यजमानांचे चार बनियन गुलाबी केले. दुकानदाराने धुतलेला माल परत घ्यायला साफ नकार दिला. मला त्याचा आजही राग आहे, कारण मी शब्दावर विश्वास ठेवला होता. दुसरा घेताना आधी कापड उलटून पाहिले. धागा रंगवून मग विणलेल्या टॉवेलाचे पट्टे दोन्ही बाजूंना तेवढेच ठळक दिसतात. नुसती छपाई असेल तर मागची बाजू फिकी असते. मग ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून पाहिला. तो स्वच्छ राहिला, तेव्हाच पैसे दिले.

घरी आल्यावर दशेतला एक धागा कापून चिमट्यात धरला आणि पेटवला. कापूस कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून काळा, टणक मणी उरतो. आमच्या धाग्याची राख झाली. लेबलावरच्या ‘तुर्की’ या शब्दावर फार विसंबू नये: तो पुष्कळदा नुसत्या विणीला उद्देशून असतो, आणि भारतातही, तमिळनाडूतल्या करूरसारख्या ठिकाणी, घरगुती वापराचे उत्तम कापड विणले जाते. त्यात वावगे काहीच नाही, पण किंमत आयात मालाची लावली असेल, तर कापड कुठे विणले हे स्पष्ट विचारावे. फिकट रंगाचा टॉवेल भिजल्यावर थोडा पारदर्शक होतो, हेही लक्षात असू द्यावे. न्हाणीघरापासून खोलीपर्यंत चार माणसांसमोरून जावे लागत असेल, तर गडद पट्ट्यांचा घ्यावा.

तक्रारी आहेतच. जाड टॉवेलाची ऊब याला नाही, आणि डिसेंबरच्या गार सकाळी तलावातून बाहेर आल्यावर ती उणीव जाणवते. मशीनमध्ये हुक किंवा चेन असलेल्या कपड्यांबरोबर टाकला तर धागा ओढला जातो. तो कापू नये, विणीच्या दिशेने कापड हळूहळू ताणले की धागा पुन्हा आत बसतो. दशा एकमेकींत गुंततात, म्हणून आम्ही तो जाळीच्या पिशवीत घालूनच धुतो.

गेल्या महिन्यात एका कोपऱ्यातली गाठ सुटली. सासूबाईंनी दुपारी खिडकीपाशी बसून दोन्ही पदर मांडीवर उलट-सुलट वळले आणि नवी गाठ मारली. ती बाकीच्या गाठींपेक्षा जरा ठसठशीत झाली आहे. त्यानंतर आम्ही त्यांच्यासाठी तसाच दुसरा टॉवेल आणला, आणि आता पहाटे दिवा न लावता दांडीवरून माझा टॉवेल काढायचा असला, की मी बोटांनी ती गाठ चाचपते.