बँकॉकमध्ये 'घरबसल्या' पिवळं पुस्तक काढून देणाऱ्यापासून सावध राहा

थायलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यातही भाड्याच्या काँडोत राहणाऱ्यांसाठी जास्त. ताबियेन बानचं पिवळं पुस्तक आणि गुलाबी कार्ड घरबसल्या काढून देतो म्हणणाऱ्या एका एजंटने माझे २५,००० बाट खाल्ले. पैसे गेले ते गेलेच, वर माझ्या हातात बनावट सरकारी पुस्तक ठेवून तो पसार झाला.

नवीन आलेल्यांना थोडी पार्श्वभूमी. इथे प्रत्येक घराचं एक नोंदणी-पुस्तक असतं, तेच ताबियेन बान. साधारण आपल्या रेशनकार्डासारखं: घरात राहणाऱ्यांची नावं आणि एक प्रमुख, 'चाओ बान'. थाई लोकांचं आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परदेशी लोकांचं पुस्तक निळं, तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांचं पिवळं. पिवळ्यात नाव लागलं की १३ आकडी नंबर मिळतो आणि त्यावर गुलाबी ओळखपत्र निघतं. घराच्या मालकीशी या पुस्तकाचा काही संबंध नाही, मालकी 'चानोत'वर, म्हणजे मालकीहक्काच्या कागदावर, ठरते. बँकॉकमध्ये हे काम खेत (शहरातला विभाग) कार्यालयात होतं, बाहेरच्या प्रांतांत आम्फोमध्ये (तालुका कार्यालयात) किंवा नगरपालिकेच्या नोंदणी विभागात.

वरची सगळी माहिती मला पहिल्यांदा त्या एजंटनेच दिली होती, आणि ती अक्षरन्अक्षर खरी होती. तिथेच तर गोम आहे. माणूस हिंदी छान बोलायचा, मराठी कामापुरतं, 'भाऊ' म्हणायचा. कायदा बरोबर सांगायचा आणि त्यात मधेच एखादी थाप घालायची, अशी त्याची पद्धत. पिवळं पुस्तक आलं की नव्वद दिवसांचं रिपोर्टिंग बंद, ही एक थाप. पुस्तक असो वा नसो, इमिग्रेशनला दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावाच लागतो आणि घरमालकाला टीएम ३०, म्हणजे परदेशी माणूस घरात राहतोय हे कळवणारा फॉर्म, भरावाच लागतो; पुस्तकाने व्हिसाही वाढत नाही. दुसरी थाप मोठी होती: "तुम्हाला यायची गरज नाही, आतली ओळख आहे."

त्याने पासपोर्टच्या प्रती घेतल्या, एका कोऱ्या थाई मुखत्यारपत्रावर सही घेतली आणि भाडेकराराची फाइल मागितली. इथे करारासोबत घरमालकाच्या ओळखपत्राची आणि निळ्या पुस्तकाची झेरॉक्स जोडलेली असते. त्याला हवी होती ती हीच झेरॉक्स. अर्धे पैसे आधी, उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर पुस्तकाचा फोटो आल्यावर. मग कुरिअरने पुस्तक आलं. पिवळं कव्हर, शिक्का, सही, थाई लिपीत माझं नाव, सगळं जागच्या जागी. कार्ड "पुढच्या आठवड्यात" येणार होतं.

करार नव्याने करायला घरमालकीण आल्या तेव्हा मी ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. साठीच्या बाई, मी त्यांना 'पी' म्हणतो, म्हणजे ताई. चाओ बान त्याच, त्यामुळे आधी त्यांना हेच कळेना की आपण कार्यालयात गेलोच नाही तर या घरात नाव लागलं कसं. चष्मा लावून त्यांनी पान वाचलं आणि बोट नंबरावर थांबलं. पर्समधून स्वतःचं कार्ड काढून त्यांनी पुस्तकाशेजारी ठेवलं. पहिले अकरा आकडे हुबेहूब तेच, फक्त शेवटचे दोन फिरवलेले. "हा तर माझा नंबर आहे," एवढंच म्हणाल्या.

आम्ही तसेच खेत कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी संगणकाला हात लावण्याआधीच मान हलवली, कारण नंबर ३ ने सुरू होत होता. १९८४ मध्ये हे नंबर पहिल्यांदा वाटले तेव्हा ज्यांची नावं पुस्तकात होती, त्यांना ३ मिळाला. आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांचा नंबर ६ ने सुरू होतो. तेरावा आकडा तर मनाने टाकताच येत नाही, तो आधीच्या बारांवरून निघतो. पहिल्या आकड्याला १३ ने गुणा, दुसऱ्याला १२ ने, असं करत बाराव्याला २ ने. बेरजेला ११ ने भागा. बाकी ११ मधून वजा करा. उत्तराचा एकं स्थानचा आकडा म्हणजे तेरावा. घरी एक्सेलमध्ये करून पाहिलं, माझ्या पुस्तकातला जुळत नव्हता. तुमच्याकडे कुणी असं पुस्तक आणून दिलं असेल तर आज रात्रीच हे गणित करा.

पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं आणि आम्हाला पोलीस ठाण्यात नोंद करायला पाठवलं. थाई दंडविधानात सरकारी कागद बनावट करण्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे, आणि असा कागद बनावट आहे हे ठाऊक असून वापरणाराही त्यात येतो. आम्ही स्वतःहून गेलो म्हणून सुटसुटीत झालं. गाडी घेताना किंवा बँकेत कुणी पकडलं असतं तर मला हे माहीत नव्हतं हे तिथे थाई भाषेत पटवत बसावं लागलं असतं. घरमालकिणीनेही वेगळी नोंद केली. त्यांच्या कागदांवर आणखी काय काय निघालं असेल कोण जाणे. एजंटचा नंबर त्याच दिवशी बंद झाला.

खरी पद्धत विचाराल तर कटकटीची आहे, पण महाग नाही. स्वतः जायचं, चाओ बानला सोबत न्यायचं, बहुतेक ठिकाणी दोन थाई साक्षीदार लागतात, पासपोर्टचं प्रमाणित थाई भाषांतर लागतं, अधिकारी समोर बसवून प्रश्न विचारतात. कागदांची यादी प्रत्येक कार्यालयाची वेगळी, म्हणून आधी नुसती यादी आणायला जा. गुलाबी कार्डाचा फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात, फी ६० बाट. तुमच्या बोटांशिवाय कुणी कार्ड आणून देतो म्हणाला की समजून जा. आणि खरं सांगू का, नोकरीपुरते काही वर्षं राहणाऱ्याचं या पुस्तकावाचून फारसं अडत नाही. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी इमिग्रेशनचा वास्तव्याचा दाखला चालतो, मी शेवटी तोच काढला.

झेरॉक्स देताना थाई लोक काय करतात ते बघा: प्रतीवरच दोन तिरक्या रेघा मारून 'फक्त अमुक कामासाठी' असं लिहितात, तारीख टाकतात, सही करतात. रेघा मजकुरावरूनच जाऊ द्यायच्या, कोपऱ्यात नको.

ज्यांचे नवरा-बायको थाई आहेत त्यांच्यासाठी अशाच एजंटांचा दुसरा प्रकार चालू आहे. परवा एका मराठी गटात वेगळ्या नावाने मजकूर आला: जोडीदाराच्या ओळखपत्रावरचा पत्ता आणि ताबियेन बानमधला पत्ता जुळत नसेल तर मोठा दंड बसेल, आम्ही जुळवून देतो, ८,००० बाट. असं काही नाही. घर बदललं की १५ दिवसांत पुस्तकातली नोंद हलवायची असते, उशीर झाला तर दंड जास्तीत जास्त १,००० बाट. नव्या ठिकाणच्या कार्यालयातूनच दोन्हीकडची नोंद हलवता येते, त्याची फी २० बाट. ओळखपत्र मात्र फक्त पत्ता बदलला म्हणून नवं काढायची सक्ती नाही, जुन्या पत्त्याचं कार्ड मुदत संपेपर्यंत चालतं. हवंच असेल तर १०० बाटांत नवं मिळतं.

नोंदणीबद्दल शंका असेल तर १५४८ वर फोन करून विचारा. पैसे गेले असतील तर लगेच १४४१, ऑनलाइन फसवणुकीसाठीची ती सरकारी लाइन आहे आणि पैसे गेलेलं खातं तिथून गोठवता येतं. ट्रान्स्फरची स्लिप समोर ठेवा. माझे पैसे प्रॉम्प्टपेवरून (इथलं यूपीआय म्हणा) ज्या खात्यात गेले ते एजंटच्या नावावर नव्हतंच, कुठल्या तरी थाई पोराच्या नावावर होतं, आणि स्लिपवर ते नाव स्वच्छ छापलेलं होतं.