सेक्स टॉय ठेवायला सुती पिशवी की झिपवाली प्लास्टिकची?

नाशकात पावसाळ्यात कपाटं ओल धरतात, मे महिन्यात पारा 40 च्या आसपास जातो, म्हणून माझं मत सरळ सुती पिशवीला, हवा खेळती राहते आणि ओल आत कोंडत नाही. झिपवाल्या पिशवीत धूळ जात नाही हे खरंय, पण टॉय नीट वाळलं नसेल तर बुरशी धरणारच. टीपीईच्या (रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या) टॉयला मात्र सुताचे तंतू चिकटतात, त्याला आधी थोडं कॉर्नफ्लॉवर लावा. आणि प्लीज, एका पिशवीत एकच टॉय, जेली (मऊ, लवचिक रबरी प्लास्टिक) किंवा टीपीईचं टॉय दुसऱ्याला चिकटून राहिलं की त्यातलं तेल सुटतं, पृष्ठभाग चिकट होतो, आकार बिघडतो. सेल काढूनच ठेवा, गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.